घरगुती संगणकांचे संप्रदाय व एका कॅसेटचें वाचन

(१) प्रस्तुत लेखकाच्या संग्रहीं एक साधन आहे, त्याचें वर्णन प्रथम देतों. साधन: ध्वनिमुद्रणाची कॅसेट, साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंस मुद्रित. लांबी चार इंच, रुंदी अडीच इंच. वेष्टन प्लॅस्टिकचें, एका कोपऱ्यास तडा गेलेला. वर चिकटविलेल्या कागदावर निळ्या शाईनें ‘यादी, मोडी कागद, १९८८’ एवढींच अक्षरें, हस्ताक्षर माझेंच. टेपरेकॉर्डरवर लावली असतां प्रथम कांहीं सेकंद एकसारखी शिटी, मग क्षणभर खरखर, पुन्हा शिटी, पुन्हा बराच वेळ खरखर, असा क्रम पांच वेळां ऐकूं येतो. कानास अर्थबोध कांहींच होत नाहीं. तथापि या खरखरींत पुण्याच्या पूर्वेकडील एका गांवच्या घराण्याच्या ११२ मोडी कागदांची यादी आहे. आणि ते मूळ कागद आज अस्तित्वांत नाहींत.

दप्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांस अशी स्थिति अपरिचित नाहीं. मूळ गेलें आणि नक्कल राहिली, नक्कलही फाटकी, असें आपल्या वांट्यास नित्य येतें. परंतु येथें एक नवी अडचण होती. नक्कल शाबूत असून ती वाचणारें यंत्र जगाच्या बाजारांतून नाहींसें झालें होतें. हें यंत्र कोणतें, त्याचे प्रतिस्पर्धी कोण, आणि त्यांच्या स्पर्धेमुळें एकाचा लेख दुसऱ्यास कां वाचतां येईना, हें सांगून शेवटीं ही कॅसेट कशी वाचली तें निवेदन करावयाचें आहे.

(२) संगणक हें प्रारंभीं संस्थेचें धन होतें. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालूं झालेला टिफ्रॅक हा दालन व्यापून बसणारा होता. गृहस्थाच्या घरीं, त्याच्या टेबलावर, असें यंत्र यावें हा विचार व्यवहारांत उतरला तो १९७७ सालीं. त्या एका वर्षांत अमेरिकेंत ॲपल २, कमोडोर पेट व टी. आर. एस. ८० हे तीन संगणक विक्रीस आले. यांतला शेवटचा सुमारें ६०० डॉलरांस पडद्यासह मिळे; ॲपलची किंमत पडद्यावांचून १,२९८ डॉलर होती.

हें शक्य झालें याचें कारण संगणकाचा मेंदु स्वस्त झाला. मॉस टेक्नॉलॉजी या कारखान्यानें १९७५ सालीं ‘६५०२’ नांवाचा मायक्रोप्रोसेसर काढिला व तो २५ डॉलरांस विकला. त्या काळच्या इतर प्रोसेसरांच्या मानानें ही किंमत अत्यल्प होती. पुढील वर्षीं झायलॉग कंपनीचा ‘झेड ८०’ निघाला. पुढील दहा वर्षांतील बहुतेक घरगुती संगणक या दोन गोत्रांत वांटतां येतात. ॲपल, कमोडोर व विलायतचा बी. बी. सी. मायक्रो हे ६५०२ गोत्राचे; टी. आर. एस. ८० व सिंक्लेअरचे संगणक झेड ८० गोत्राचे. मात्र सगोत्र यंत्रांतही पंक्तिव्यवहार नव्हता. ॲपलसाठीं लिहिलेली आज्ञावली कमोडोरवर चालत नसे. यास कारण तांत्रिक असण्यापेक्षां व्यापारी अधिक होतें. ज्यानें आपलें यंत्र घेतलें त्यानें पुढें आज्ञावल्याही आपल्याच घ्याव्या, अशी प्रत्येकाची इच्छा.

(३) अमेरिकेंत या स्पर्धेस मात्स्यन्यायाचें स्वरूप आलें. कमोडोरचा अधिपति जॅक ट्रॅमिएल यानें १९७६ सालीं मॉस टेक्नॉलॉजी हा कारखानाच विकत घेतला होता. त्यामुळें प्रोसेसर त्यास घरच्या भावानें पडत. १९८२ सालीं त्यानें कमोडोर ६४ हा संगणक ५९५ डॉलरांस आणिला आणि पुढच्याच वर्षीं त्याची किंमत २०० डॉलरांच्या आसपास उतरविली. कोणत्याही कंपनीचा जुना संगणक आणून द्या व १०० डॉलरांची सूट घ्या, अशी योजनाही कमोडोरनें जाहीर केली. तेव्हां चतुर ग्राहक सिंक्लेअरचा अमेरिकेंत टायमेक्स या नांवानें मिळणारा, १०० डॉलरांहूनही स्वस्त झालेला संगणक केवळ सुटीसाठीं विकत घेऊन कमोडोरच्या दुकानीं देऊं लागले. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही मोठी कंपनी या किंमतयुद्धांत टिकली नाहीं. १९८३ च्या आक्टोबरांत तिनें घरगुती संगणकाचा धंदा सोडल्याचें जाहीर केलें. खुद्द ट्रॅमिएलनें १९८४ च्या जानेवारींत कमोडोर सोडली व त्याच वर्षीं ॲटारीचा संगणकविभाग विकत घेऊन आपल्याच जुन्या कंपनीशीं झुंज मांडिली. एका दरबारांतून निघून दुसऱ्याच्या पदरीं फौज उभी करणारे सरदार आपल्या इतिहासांत थोडे नाहींत. हा प्रकार त्याच जातीचा.

विलायतेंत झगडा निराळ्या तऱ्हेचा होता. तेथें एका बाजूस लोकाश्रय व दुसऱ्या बाजूस राजाश्रय असा सामना झाला. लोकाश्रयाची बाजू क्लाइव्ह सिंक्लेअर याची. त्यानें १९८१ सालीं झेड एक्स ८१ हा संगणक तयार स्थितींत ६९ पौंड ९५ पेन्सांस, व सुटे भाग घेऊन घरीं जोडणाऱ्यास ४९ पौंड ९५ पेन्सांस दिला. १९८२ च्या एप्रिलांत त्याचा झेड एक्स स्पेक्ट्रम निघाला. १६ किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांस, ४८ किलोबाइटांचा १७५ पौंडांस. राजाश्रयाची बाजू एकॉर्न कंपनीची. तिच्या संस्थापकांपैकीं ख्रिस करी हा पूर्वीं सिंक्लेअरचाच सहकारी. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें जनतेस संगणकाची ओळख करून देण्यासाठीं जी शिक्षणमालिका योजिली तिच्याकरितां एकॉर्नच्या यंत्राची निवड झाली आणि १९८१ च्या डिसेंबरांत बी. बी. सी. मायक्रो बाहेर पडला. शाळांनीं तो घेतल्यास निम्मी किंमत सरकार देई. म्हणून ३९९ पौंड किंमतीचें मोठें प्रतिमान असूनही विलायतेच्या शाळांत तोच शिरला. घरीं मुलांच्या हातीं मात्र स्पेक्ट्रम राहिला. दोघां जुन्या सहकाऱ्यांचें वैर इतकें विकोपास गेलें कीं, १९८४ च्या डिसेंबरांत केंब्रिजच्या एका मद्यगृहांत, एकॉर्ननें छापलेल्या एका जाहिरातीवरून चिडून, सिंक्लेअरनें करीस वर्तमानपत्राच्या सुरळीनें बडविलें.

या सर्व काळांत कोणतें यंत्र जगेल हें त्याच्या अंगच्या गुणांवर ठरत नव्हतें. बी. बी. सी. मायक्रो बांधणीनें भक्कम. त्याची कळपाटी उत्तम. स्पेक्ट्रमच्या कळा रबराच्या. तरी स्पेक्ट्रम सुमारें पन्नास लक्ष खपला व बी. बी. सी. सुमारें पंधरा लक्ष. ज्या यंत्रासाठीं आज्ञावल्या पुष्कळ तें लोक घेत. आणि जें लोक पुष्कळ घेत त्याचसाठीं लेखक आज्ञावल्या लिहीत. हा बीजांकुरन्याय ज्याच्या बाजूस एकदां लागूं झाला तो वाढत गेला. इतर सुकले.

(४) आतां हे संप्रदाय आपल्याकडे कसे आले तें पाहूं. बी. बी. सी. मायक्रो येथेंही राजमार्गानेंच आला. केंद्र सरकारनें १९८४-८५ सालीं शाळांत संगणकसाक्षरतेची ‘क्लास’ नांवाची योजना सुरूं केली. आरंभीं सुमारें अडीचशे शाळा निवडल्या व त्यांस हे संगणक पुरविले. पुढें चंडीगडनजीकच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यानें तेंच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नांवानें येथें बनविलें. स्पेक्ट्रमचा मार्ग व्यापाराचा. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९८६ च्या सुमारास रीतसर परवाना घेऊन ‘डी. बी. स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक भारतांत विकावयास काढिला. कौतुकाची गोष्ट ही कीं, त्याच वर्षाच्या एप्रिलांत सिंक्लेअरनें आपला सर्व संगणकव्यवसाय ॲम्स्ट्रॅड कंपनीस ५० लक्ष पौंडांस विकून टाकिला होता. एकॉर्नही १९८५ सालींच इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या अधीन झाली होती. म्हणजे मूळ पीठें मोडलीं अगर दुसऱ्याच्या हातीं गेलीं, आणि त्याच वेळीं आपल्या प्रांतीं त्यांच्या शाखा स्थापन होत होत्या.

मी त्या वेळीं शाळेंत संस्कृत शिकवीत असें. शाळेंत बी. बी. सी. मायक्रो होता. वाघोलीच्या आमच्या शेजारीं एका गृहस्थाच्या घरीं डी. बी. स्पेक्ट्रम प्लस आला होता. एक फूट लांब व अर्धा फूट रुंद काळी पेटी, तिला दूरचित्रवाणीचा संच व टेपरेकॉर्डर जोडावयाचा. त्याच वर्षीं मजकडे वर सांगितलेल्या घराण्याचा मोडी कागदांचा रुमाल कांहीं दिवसांच्या बोलीनें आला. यादी वहींत करावी हा शिरस्ता सोडून मीं ती या यंत्रावर केली. नव्या वस्तूचा मोह, दुसरें काय! यंत्रांत देवनागरी नव्हती. स्पेक्ट्रमवर आपण स्वतः रेखाटून घालावयाच्या अक्षरांस एकवीसच घरें असत, आणि प्रत्येक घर आठ बिंदु रुंद व आठ बिंदु उंच. आमचीं व्यंजनेंच तीसांहून अधिक. मात्रा व जोडाक्षरें वेगळींच. म्हणून नोंदी रोमन लिपींत केल्या. प्रत्येक कागदास एकशेंवीस अक्षरांची एक नोंद: तिथि, शक, लिहिणार, ज्यास लिहिलें तो, विषय. चोवीस नोंदींचा एक खंड, असे चार, व उरलेल्या सोळांचा पांचवा. यादी पुरी झाल्यावर ती कॅसेटवर उतरविली आणि, पोथी लिहिणारे सावधगिरीनें दुसरी प्रत करीत तशी, मागच्या बाजूसही तीच पुन्हा उतरविली.

दुसरे दिवशीं ती कॅसेट घेऊन मी शाळेंत गेलों आणि तेथील संगणकास वाचावयास दिली. यंत्र स्वस्थ बसून राहिलें. त्यास तींत एकही अक्षर दिसेना. कॅसेट एकाच दुकानची, टेपरेकॉर्डर एकाच जातीचा, अक्षरें दोहोंकडे रोमन. मग अडलें कोठें?

(५) याचें उत्तर छंदःशास्त्र जाणणाऱ्यास चटकन समजेल. संगणकाचें प्रत्येक अक्षर आठ चिन्हांचें असतें व प्रत्येक चिन्ह शून्य किंवा एक. लघु व गुरु या दोन चिन्हांनीं पिंगलाचार्यांनीं सर्व वृत्तांचा प्रस्तार मांडिला, तद्वतच हें. प्रश्न उरतो तो हीं दोन चिन्हें फितीवर ध्वनिरूपानें कशीं वेगळीं करावीं हा. स्पेक्ट्रमनें तीं काळानें वेगळीं केलीं: शून्याचा ध्वनि आंखूड, एकाचा त्याच्या नेमका दुप्पट लांब. हें अक्षरशः लघु-गुरूंचें मात्रामान होय. बी. बी. सी. मायक्रोनें तीं स्वरानें वेगळीं केलीं: प्रत्येक चिन्हास काळ सारखाच, परंतु शून्यास खालचा स्वर व एकास त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा वरचा स्वर. एक मात्रा मोजणारा, दुसरा उदात्त-अनुदात्त ऐकणारा. पहिल्याचें पठण दुसऱ्यास निव्वळ कोलाहल वाटावें यांत नवल नाहीं.

समजा ही अडचण नसती, तरी पुढें दुसरी होती. आज्ञावल्या लिहिण्याची बेसिक ही भाषा दोघांची नांवाला एकच. परंतु जागा वांचविण्यासाठीं प्रत्येक यंत्र तिचे शब्द संक्षेपानें, एकेका संख्येनें टिपून ठेवी. ‘प्रिंट’ या आज्ञेसाठीं स्पेक्ट्रम २४५ ही संख्या लिही, बी. बी. सी. २४१, कमोडोर ६४ हा १५३, आणि ॲपल २ हा १८६. मोडींत फारसी शब्दांचे संकेत ठरलेले असतात. ज्यास ते ठाऊक नाहींत त्यास ओळ सरळ दिसली तरी लागत नाहीं. येथें तर प्रत्येक घराण्याचे संकेत निराळे.

एका बाबतींत मात्र सर्व संप्रदायांनीं शहाणपण दाखविलें. प्रत्येक खंडाच्या अखेरीस एक ताळ्याचें चिन्ह असे. स्पेक्ट्रम खंडांतील सर्व अक्षरांची चिन्हवार बेरीज करी. प्रत्येक स्थानीं ‘एक’ किती वेळां आला तें मोजून, विषम असेल तर एक, सम असेल तर शून्य, असा आठ चिन्हांचा शेष शेवटीं लिही. वाचतांना तोच हिशेब पुन्हा करी. न जुळल्यास पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ असा संदेश देऊन थांबे. आमचे लेखक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या लिहून ठेवीत त्याचा हेतु हाच. ग्रंथसंख्या न जुळली तर कांहीं गळलें अगर वाढलें एवढें कळतें. कोठें, तें कळत नाहीं.

(६) या सर्व संप्रदायांचा शेवट काय झाला? १९८१ च्या आगस्टांत आय. बी. एम. नें आपला वैयक्तिक संगणक काढिला. तो घरगुती संगणकांहून महाग होता व प्रारंभीं घरासाठीं नव्हताच. परंतु त्याचे बहुतेक भाग बाजारांत कोणासही मिळणारे होते व त्याची रचना प्रसिद्ध केलेली होती. त्यामुळें पुढील कांहीं वर्षांत शेंकडों कारखाने तंतोतंत तसेच संगणक करूं लागले. एकाची चकती दुसऱ्यांत चालूं लागली. जें यंत्र कोणा एकाच्या मालकीचें राहिलें नाहीं तेंच टिकलें. जपानांतील कारखान्यांनीं १९८३ सालीं ‘एम. एस. एक्स.’ नांवाचा समान मसुदा करून घरगुती संगणकांतही हेंच साधावयाचा यत्न केला, पण तो अमेरिकेंत व विलायतेंत फारसा रुजला नाहीं. कमोडोरचें दिवाळें १९९४ सालीं निघालें. ॲपल तेवढी आपल्या स्वतंत्र पंथासह जगली.

व्यापाऱ्यांचे उदयास्त होतातच. त्याचा खेद कशास? खेद आहे तो त्यांच्याबरोबर बुडालेल्या लेखांचा. याचें उत्तम उदाहरण विलायतेंतीलच आहे. विल्यम राजानें १०८६ सालीं केलेल्या जमिनीच्या मोजणीचें डोम्सडे बुक हें दप्तर तेथें प्रसिद्ध आहे. त्यास नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी. बी. सी. नें नवें डोम्सडे तयार केलें. दहा लक्षांहून अधिक लोकांनीं, विशेषतः शाळांतील मुलांनीं, आपापल्या गांवाची माहिती लिहून दिली; ती मोठ्या लेसर-चकत्यांवर भरून बी. बी. सी. मायक्रोच्याच वंशांतील एका संगणकावर वाचण्याची सोय केली. पंधरा वर्षें लोटलीं नाहींत तोंच तीं यंत्रें दुर्मिळ झालीं व ही अपूर्व मोजणी वाचणें दुर्घट झालें. २००२ सालीं लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं नव्या संगणकावर जुन्याचें सोंग आणणारी आज्ञावली रचून ती पुन्हा वाचून दाखविली. नऊशें वर्षांपूर्वींचें चामड्यावरील दप्तर मात्र या अवधींत ज्यास लॅटिन येतें त्यास नेहमींप्रमाणेंच वाचतां येत होतें.

(७) आतां माझ्या कॅसेटकडे येतों. रुमाल मीं बोलीप्रमाणें परत केला. शेजारचा संगणक कांहीं वर्षांनीं बिघडला व भंगारांत गेला. यादीची कागदी प्रत करावयाची राहून गेली. यांत दोष सर्वस्वीं माझा. २००६ च्या पावसाळ्यांत त्या घराचें छप्पर गळून माळ्यावरचा रुमाल भिजला व महिन्यानें उघडला तेव्हां आंत लगदा होता. त्या दिवसापासून कॅसेट हेंच एकमेव साधन उरलें, आणि तें मला मुकें होतें.

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें टेपरेकॉर्डरचा आवाज तारेनें आपल्या संगणकांत घेतला. स्पेक्ट्रमचे चाहते जगभर आहेत. त्यांनीं जुन्या कॅसेटी उतरवून ठेवण्याची पद्धति बसविली आहे आणि स्पेक्ट्रमचें हुबेहूब सोंग आणणाऱ्या आज्ञावल्या मोफत दिल्या आहेत. ज्या यंत्राच्या प्रती पन्नास लक्ष निघाल्या त्याचा अभ्यास करणारेही मागें राहिले. ज्या ग्रंथाच्या प्रती फार, तो वांचतो, हा नियम येथेंही खरा ठरला. पहिले तीन खंड व पांचवा खंड ताळा जुळून वाचले गेले. छत्तीस वर्षांपूर्वींचीं माझीं रोमन अक्षरें पडद्यावर उमटतांना पाहून काय वाटलें तें लिहिण्याची ही जागा नव्हे.

चवथ्या खंडाचा ताळा जुळेना. तेव्हां आम्हीं ध्वनीची आकृति कागदावर काढून चिन्हें एकेक मोजलीं. लिहिलेला शेष व आमचा शेष यांत आठांपैकीं एकाच स्थानीं फरक येत होता. त्या स्थानाचीं चिन्हें तपासतां एकोणिसाव्या नोंदींत एक ध्वनि असा आढळला कीं तो लघूहून लांब व गुरूहून आंखूड होता. फीत तेथें मुडपलेली होती. यंत्रानें तो लघु धरिला होता. ती नोंद एका कौलाची. पळून गेलेल्या रयतेनें परत येऊन जमीन लावावी, पहिल्या सालीं सूट मिळेल, अशा आशयाची. शक १६८ पर्यंत स्पष्ट; शेवटचा अंक संशयित. तो ध्वनि लघु धरिला तर अंक ४ होतो, गुरु धरिला तर ६. रोमन संकेतांत या दोन अंकांत एवढ्या एकाच चिन्हाचा भेद आहे.

भेद लहान, पण परिणाम लहान नाहीं. शके १६८५ त, म्हणजे इ. स. १७६३ त, निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. कौल शके १६८४ चा असेल तर रयतेचें पलायन त्या आपत्तीच्या पूर्वींचें व कारण दुसरें. १६८६ चा असेल तर ती रयत त्या धामधुमींत उठली असण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून दुसऱ्या बाजूची प्रत काढिली. तींत चवथा खंड दुसऱ्याच ठिकाणीं खराब निघाला. मात्र एकोणिसाव्या नोंदींतील तो ध्वनि तेथें स्वच्छ गुरु आहे. पहिल्या प्रतींत तेवढें चिन्ह सुधारून घेतलें व पुन्हा हिशेब केला, तों ताळा जुळला. दोन प्रतींची साक्ष व ग्रंथसंख्या, तिन्हींचें एकमत झाल्यावर ‘शके १६८६’ हा पाठ मीं स्वीकारला आहे.

एवढ्यावर फार मोठी इमारत रचावयाची नाहीं हें उघड आहे. यादी म्हणजे कागद नव्हे. मूळ अंक मोडींत वाचतांना त्या वेळीं माझीच चूक झाली नसेल असें कोणी म्हटल्यास त्यास दाखवावयास मजजवळ आतां कागद नाहीं. ताळ्याचें चिन्ह मीं काय लिहिलें त्याची ग्वाही देतें. तें खरें होतें याची देत नाहीं.

(८) शेवटीं संग्राहकांस एक विनंति. १९८० ते २००० या वीस वर्षांत आपल्यापैकीं अनेकांनीं याद्या, नकला, वंशावळी कोणत्या ना कोणत्या संगणकावर केल्या आहेत. त्यांच्या कॅसेटी व चकत्या कपाटांत पडून असतील. कागदाप्रमाणें त्या हळूहळू जीर्ण होऊन इशारा देत नाहींत. बाहेरून कोऱ्या करकरीत दिसतात व आंतून नष्ट होतात. तरी प्रत्येकानें वेष्टनावर यंत्राचें नांव, साल व कोणत्या आज्ञावलीनें लेख केला तें लिहून ठेवावें. ज्याचा संप्रदाय कळला त्याचा वाचक मिळतो. शक्य तितक्या लवकर आजच्या संगणकावर उतरवून घ्यावें. मूळ फीत मात्र टाकूं नये, कारण पाठ संशयित झाल्यास निवाडा तिच्यावरच होतो, हें वरील उदाहरणावरून दिसेलच. जुनें यंत्र कोणाकडे चालूं स्थितींत असल्यास तेंही साधन समजून जतन करावें. आणि जें महत्त्वाचें असेल तें चांगल्या कागदावर, चांगल्या शाईनें, देवनागरींत लिहून ठेवावें.

पिलाजी जाधवरावांच्या नांवाशीं जोडलेलें आमचें वाघोली गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. नगर रस्त्याच्या दोहों बाजूंस जुनीं घरें पडून उंच इमारती उठत आहेत. घर पाडतांना माळ्यावरून रुमालही निघतात व काळ्या पेट्याही निघतात, आणि दोन्ही एकाच हातगाडीवरून भंगारवाल्याकडे जातात. त्या गाडीस थांबवून आंत काय आहे तें पाहण्याचा परिपाठ मीं ठेविला आहे. इतरांनींही ठेवावा. वरील ११२ नोंदींची यादी मीं आतां हातानें देवनागरींत उतरून काढिली आहे. ज्यांस पाहिजे असेल त्यांनीं येऊन पाहावी व नक्कल करून न्यावी. जितक्या नकला होतील तितक्या हव्याच आहेत.